दहावा शनिवार

या, सगळे या.
धान्याच्या कोठारावर कुणी रातोरात रंगवलंय: नऊ–शून्य.
ड्वेन न्हाव्याने दुकान बंद ठेवलंय,
चर्चच्या पाटीवर वचनाऐवजी
किकऑफची वेळ.

नेब्रास्काचा वारा कान कापतो, कापू दे.
टोपी विसरलात तरी चालेल,
घसा घरी ठेवून येऊ नका.

फक्त चौदाव्या रांगेतली कडेची जागा सोडा.
तिथे लेनोरा हॅल्व्हर्सन बसते.
पोरं हरत होती तेव्हाही बसायची,
बर्फात, मांडीवर थर्मास,
आणि शेवटच्या शिट्टीनंतर
रिकाम्या बाकांमध्ये उभी राहून
एकटीच टाळ्या वाजवायची.

मागच्या शनिवारी जिंकलो
तर ही बसूनच.
म्हणाली, "आता तुम्ही आहात ना.
माझे हात दुखतात जरा."

तेव्हा या.
सत्तावीस वर्षांची उधारी आहे.