सातव्या खणातली गाठ

हॅलम सरांनी माप तोंडीच सांगितलं:
बसलेल्या पोराला शेजारचा दिसता कामा नये,
उभ्या माणसाला मात्र सगळे दिसले पाहिजेत.
म्हणजे किती? मी विचारलं.
ते खुर्चीत बसले, मान इकडे वळवली, तिकडे वळवली,
म्हणाले, अजून चार इंच.

ग्रिम्सबीत ऑक्टोबर, धंदा मंद.
बर्चचं प्लायवूड, बारा खण,
खुर्चीचं तोंड भिंतीकडे.
कडा मी घासून घासून गोल केल्या,
म्हटलं, लेकरं आहेत, कुसळ जायला नको हातात.
एवढी माझी दया.
तिचे वेगळे पैसे लावले नाहीत.

दारावर पाटी आली: चिंतनकक्ष.
बिल आठवड्याच्या आत चुकतं झालं.

माझा बाप गोदीवर माशांच्या पेट्या ठोकायचा.
दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, न चुकता.
बर्फाचं पाणी निथळायला हवं, म्हणायचा,
नाहीतर माल आतल्या आत नासतो.
मेलेल्या कॉडसाठी एवढं.
मला दिलेल्या मापात फट नव्हती.
मीही विचारलं नाही.

फेब्रुवारीत माझी नात ब्रायनी
सातव्या खणात बसली. सहा तास.
आधी पट्टेरी मोजे,
मग ‘का?’ म्हणून विचारणं,
मग विचारताना डोळे फिरवणं.
पहिल्याला एक गुण वजा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला पाच.
तिच्या आईच्या फोनवर तीनदा टिंग वाजलं,
आई कोळंबीच्या कारखान्यात,
कोपरापर्यंत हातमोजे.

संध्याकाळी चिप्स खात खात ब्रायनी म्हणाली,
तिथे बोलायचं नाही, वळायचं नाही,
संडासला तीनदा. त्याचीही नोंद.
वर कॅमेरा आहे, पण त्याचा दिवा लागत नाही,
चालू की बंद कळत नाही,
म्हणून आम्ही चालूच धरतो.
आणि मागे बाई?
माहीत नाही आजोबा. असतील.
वळलेच नाही ना मी.

पण लाकडात एक गाठ आहे, ती म्हणाली,
डाव्या हाताला, डोळ्यांच्या रेषेत.
आधी तो डोळाच वाटला, घाबरले.
दुपारनंतर त्याचा सील झाला,
डोना नूकच्या वाळूवर येतात ना, तसला.
मी त्याला नाव ठेवलंय.
ते नाही सांगणार.

ती गाठ मला ठाऊक होती.
फळी उलटून लावावी, चांगली बाजू आत जाईल,
असं मनात आलेलं,
पण पाच वाजले होते, तशीच ठोकली.
आजोबा-नातीची अशीही गाठ पडते.

तिला अजून बोललो नाही, ते खण कुणी केले.

मे महिन्यात हॅलम सरांचा फोन:
आणखी आठ लागतील.
पट वाढला का? म्हटलं.
पट तेवढाच आहे, ते म्हणाले. नियम वाढलेत.
आणि येताना जरा पॉलिश पेपर आणा,
सातव्यात कुणीतरी रेघोट्या मारल्यात.

रविवारी गेलो. खोली रिकामी.
गाठीला मिशा फुटल्या होत्या,
तीन निराळ्या रंगांत, निराळ्या हातांच्या.
एकाने समोर मासा काढून ठेवलेला.
एकमेकांना न बघितलेली पोरं.
मी त्या खुर्चीत बसून पाहिलं.
गुडघे फळीला टेकले.
आणि खरं सांगतो, मान वळवावीशी वाटली,
तर आधी वर बघितलं.

डाग खोल गेलाय, सरांना कळवलं, निघणार नाही.

आठ खणांना मी नाही म्हणालो नाही.
घरभाडं आहे, व्हॅनचा हप्ता आहे.
वखारीत फळ्या एकेक उभ्या करून पाहिल्या,
डोळ्यांच्या रेषेत गाठ आहे त्याच घेतल्या.
ऑस्गर्बी, हा दुय्यम माल आहे, वखारवाला म्हणाला.
म्हटलं, हाच दे.