वजनकाटा

सोहार बंदरावर दिवसभर मी लोखंड जोखतो.
ट्रक काट्यावर चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
तांबडी धूळ बसते कॉलरवर, भुवयांत,
डब्यातल्या भाताच्या कडेला.
एवढं लोखंड चहूकडे, आणि रिपोर्टवर
हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ.

दर गुरुवारी रात्री पोटाची चिमटी धरतो
आणि फ्रीजमध्ये दुधामागे लपवलेली सुई टोचून घेतो.
पूर्वी गुरुवार उपासाचा असायचा.
आता दहाच्या सुमाराला हुडहुडी भरते.
बाहेर छत्तीस डिग्री, आत मी
दोन चादरी, सतरंजी, वर रूममेटचं जॅकेट,
तरी दातांवर दात.
शुक्रवार मग माझा नसतोच.

डॉक्टर मुतासिम सुदानचे. कागदावर एक गोल काढला,
मग त्याच पेनानं खोडला.
म्हणाले, रक्त बनतंय तुमचं, औषध ते फोडतंय.
लोह कमी नाही. लोहाच्या गोळ्या तर नकोच,
यकृताला आणखी ओझं कशाला?
सहाच्या तीन कॅप्सूल करू.
पण सोडू नका.

हे कुणाला सांगू?

'रक्त कमी आहे' एवढं सांगता येतं.
चारचौघांत उच्चारण्याजोगं, घरंदाज दुखणं.
कुमुदिनीनं कुडाळहून येणाऱ्याच्या हाती
अळिवाचे लाडू पाठवले.
दुसऱ्या मजल्यावरचा अबू माजिद
भावाच्या बागेतला खजूर डबाभर देऊन गेला.
कँटीनचा कुन्हाली न सांगता बीट वाढतो.
सगळं घेतो. हसतो.
आणि तो दुसरा शब्द, ज्याच्या शेपटाला
'सी' एवढं एकच अक्षर आहे,
तो जिभेखाली दाबून ठेवतो,
जिथे तसाही आता चहासुद्धा
गंजल्या खिळ्यासारखा लागतो.

अठ्ठ्याऐंशी साली कणकवलीजवळ टेम्पो उलटला.
दोन बाटल्या रक्त चढवलं, कुणाचं ते माहीत नाही.
त्याच्यामुळे वाचलो,
आणि बहुधा त्याच्याच बाटलीतून हे आलं.
झोप नसते तेव्हा त्याच्याशी बोलतो.
सुरुवात रागानं करतो.
तीन वाजेपर्यंत राग पुरत नाही.
मग विचारतो, तुला तरी कळलं का रे,
की तू तसाच गेलास, बिनसुईचा?

परवा एका बलुची ड्रायव्हरवर ओरडलो,
चाळीस किलोच्या फरकासाठी.
तो गप्प. माझाच आवाज केबिनमध्ये घुमत राहिला,
कुणी परका आत शिरल्यासारखा.
माफी मागायला मागे धावलो,
दहा पावलांत कानात पंप सुरू झाला.
नुसता हात वर केला.
त्यानं हॉर्न वाजवला. क्षमा की शिवी, कळलं नाही.

तिसरा मजला. बावन्न पायऱ्या. लिफ्ट नाही.
सव्विसाव्या पायरीवर भिंतीला टेकायचं,
कुणी आलंच तर मोबाईलमध्ये बघायचं,
जसं काही महत्त्वाचा मेसेज आलाय.
केस गळतात त्याबद्दल काही म्हणणं नाही.
खाज सुटते त्याबद्दलही नाही.
पण पायऱ्या मोजायला लागणं,
माझ्यासारख्या टन मोजणाऱ्या माणसानं!

सतराव्या आठवड्यात लिसम्मा सिस्टरनं कागद दिला.
नऊ पूर्णांक एक.
'वाढलं?' मी म्हटलं.
'उतरलं नाही,' ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या संध्याकाळी सव्विसाव्या पायरीशी, वळणावर,
एक प्लास्टिकची खुर्ची होती.
पांढरी, एक पाय सुतळीनं आवळलेला.
अबू माजिदच्या दाराबाहेरची, ओळखीची.
त्याचं दार बंद, आत टीव्ही चालू.
त्यानं काही विचारलं नाही, आणि आज उद्या
विचारील असंही वाटत नाही.

बसलो.
खिशात त्याचाच एक खजूर होता.
चव तीच, खिळ्याची.
बी तोंडात घोळवत बराच वेळ
वरच्या सव्वीस पायऱ्यांकडे बघत राहिलो.