पुकारा

बाबा दारव्ह्याच्या कोर्टात नावं पुकारतात.
सव्वीस वर्षं झाली.
पट्टा गेला, टोपी गेली, आवाज राहिला.
घरात मात्र हळू बोलतात,
मीठसुद्धा बोट दाखवून मागतात.

पावणेसातच्या यष्टीत
लाडखेडला कुणी उतरलं तर जागा, नाहीतर बोनेटवर बसून
मी ऑर्डर नऊ पाठ करते.
रूल आठ : वादी गैरहजर, प्रतिवादी हजर, दावा खारीज.
ड्रायव्हर विचारतो, काय पुटपुटतं व पोरी, मंतर हाये का?
हो म्हणते. उतारा रूल नऊमध्ये आहे,
पण त्याला पुरेसं कारण लागतं.

यवतमाळच्या कॉलेजात पुस्तकं जुनी, कलमं नवी.
ग्रंथालयातल्या काळमेघकाकांनी
तीनशे दोनच्या डोक्यावर पेन्सिलीनं एकशे तीन लिहिलंय,
चारशे वीसवर तीनशे अठरा,
आणि समासात, माझ्याआधी कुणीतरी :
'मंग आता शिवी काय द्यायची?'

मूट कोर्टाला मी बोबडे मॅडमचा कोट घातला,
बाह्या दोन बोटं लांब.
बाहेर बेचाळीस, आत कूलरच्या ओल्या गवताचा वास.
'माय लॉर्ड' म्हटलं
आणि पुढच्या रांगेनं कानांवर हात ठेवले.
परीक्षक म्हणाले, मिस कोडापे, न्यायालय बहिरं नाही.
आवाजाचे चार गुण गेले.

खाली बसले, तेव्हा मला जानकाबाई आठवली.
मागच्या चैत्रात बाबांचा डबा घेऊन गेले होते.
प्रतिवादी हजर. हिचा वकील दिग्रसला अडकलेला.
बाबांनी दारात पुकारलं :
जानकाबाई जौजे सखाराम टेकाम, हाजीर है?
मग व्हरांड्यात.
तिसऱ्यांदा व्हरांड्यातच पुकारून आत जायचं असतं.
बाबा पायऱ्या उतरले.
टायपिंगवाल्याच्या पुढून, झेरॉक्सच्या मागून,
चहाच्या टपरीला वळसा घालून,
सारी वाट तिचं नाव घेत
थेट हापशीपर्यंत.
आत साहेबांच्या पेनाचं टोपण निघालेलं होतं.
खारीज लिहायला तीन अक्षरं लागतात.

म्हातारी ओल्या पायांनी आली.
फरशीवर पावलं उमटत गेली कठड्यापर्यंत
आणि पंख्याखाली वाळली.
तारीख मिळाली, तेवढंच.
जाताना बाबांना म्हणाली,
इतक्या जोरानं माहं नाव तं कोनीच घेतलं नोतं, बावा.

संध्याकाळी विचारलं, हापशीवर जायचं कोणत्या रुलात आहे?
बाबा पायातले काटे शोधल्यासारखं करत राहिले.
मग म्हणाले,
मी बाकावर पाहातो. पिशवी हाये म्हंजे मानूस हाये.
एवढं कशाले लागते पुस्तकात?

चौथ्या सत्राच्या पेपरात आलं :
'पुरेसं कारण' सोदाहरण स्पष्ट करा. गुण दहा.
मी दोन निवाडे लिहिले, साल चुकलं असेल एकाचं.
अर्धं पान उरलं होतं.
त्यात पिशवी लिहिली : पिवळी, खताच्या पोत्याची,
तोंडाला सुतळी, आत भाकर आणि सातबारा.
तपासणाऱ्यानं लाल शाईनं गोल केला,
बाजूला 'असंबद्ध'.
गुण सहा. म्हणजे काही मिळाले की नाही त्या गोलाचे,
कळायला मार्ग नाही.

पुढच्या वर्षी सनद.
बाबांची तेव्हा चौदा महिन्यांची नोकरी उरेल.
परवा रात्री अंगणात खाट टाकता टाकता त्यांनी विचारलं,
तुये अशील पुकारताना म्या तुह्याकडं पाहाचं का नाई?
मी म्हटलं, नका पाहू.
ते म्हणाले, बरं. आणि बराच वेळ
मच्छरदाणीची एकच दोरी बांधत राहिले.

आवाज कमी करायचा सराव करते आहे.
यष्टीत, पुटपुटत.
सुट्टीच्या दिवशी कोर्टात गेले
की आधी बाक बघून घेते.