दूरचं खळं

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला
सिद्राय हंगिरगेकर वेळेआधीच येऊन बसला,
गोवावेसच्या आमच्या दवाखान्यात.
शर्टाला कोथिंबिरीचा वास.
उजव्या डोळ्यात मल्टिफोकल, मुलाच्या पैशाचं.

तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.
मग हातातलं कार्ड, एका बाजूला मराठी,
उलटून कानडी,
अगदी तळातली ओळसुद्धा, जी मला
चष्म्याशिवाय मुंग्यांची रांग वाटते.
मी लिहिलं: दूर सहा-सहा. जवळ एन-सहा.
मधलं, हातभर अंतरावरचं, तेही उत्तम.

त्याच्या आधी निंगव्वा कामकर, वडगावची, मागावरची.
साधं भिंग, योजनेतलं, एकाच अंतराचं.
तक्त्यावर दोन ओळी मागे.
कार्ड वाचायला चष्मा.
कसं काय, विचारलं तर म्हणाली,
तुटका धागा सापडतो की.
आणि काळ्यावरचा काळा वेगळा कळतो.

काळ्यावरचा काळा
माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना.

समाधान, दहापैकी किती?
सिद्राय टोपी काढून मांडीवर घडी घालत बसला.
"नंबर बरोबर हाय ओ बाई.
पण जांबोटी सोडली की
समोरच्या दिव्यांस्नी खळं पडूलालंय.
एकात एक, चार-पाच.
चोर्ल्याच्या वळणावर
गाडी येत्या का देवाची आरती, कळंना झालंय."

आता म्हापशाची खेप पुतण्या मारतो,
हा शेजारी बसतो, क्लीनरच्या जागी.
पावत्या वाचतो. भाव वाचतो.
उजाडल्यावर मेथीच्या जुडीतला एकेक पिवळा देठ.

मी ते वाक्य म्हटलं, जे सगळ्यांना म्हणते:
मेंदूला सवय होते, सहा महिने द्या.
बऱ्याच जणांची वलयं विरतात, हे खरं.
काहींची राहतात, हेही.
कोणाची राहणार, ते यंत्र आधी सांगत नाही.
पण मी तरी विचारलं होतं का, रात्री काय करता?
जुना फॉर्म काढला. धंदा: भाजी.
माझंच अक्षर.
मी दुकान समजले होते.

"आमचा बा म्हणायचा,
चंद्राला दूरचं खळं, तर पाऊस जवळ.
जवळचं खळं, तर पाऊस लांब.
हे कुठलं म्हणायचं?"

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आलाय.
त्यात काय घालायचं, हे डॉक्टरांशी बोलू, म्हटलं.
तो दाराकडे बघत होता,
निंगव्वा पायरीवर बसून चपला शोधत होती,
एक सापडली होती.
"त्या मावशीचं कसलं हाय,
तसलं बघा की," म्हणाला.

दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन,
कुठल्याच दिव्याला काही नाही.
शेऱ्यात लिहिलं: रात्री गाडी चालवतात.
चालवत होते, असं करायला
पेन उचललं,
आणि तसंच ठेवलं.