ओहोटीची वेळ

आरौसाच्या खाडीवर, काचेआड,
मुलानं टेबल राखून ठेवलंय.
ज्या चिखलात दोसिंदा चाळीस वर्षं वाकली
तो इथून चांदीचा दिसतो.

वेटर अदबीनं दाखवतो
तिसरी कशी उघडायची.
ती ऐकून घेते.
शाब्बास, म्हणते त्याला.

बशीत अकरा.
शेवटची उचलून अंगठ्याशी धरते :
नखाएवढीच.
"हिला सोडायला हवं होतं रे, ब्राइस.
एक उन्हाळा तरी."

सॉसवर साय धरते.
बाहेर पाणी उतरू लागलंय;
घड्याळाआधी
तिच्या गुडघ्यांना कळतं ते,
टेबलाखाली, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कापडाआड.

बिल येतं चामड्याच्या पाकिटात.
ब्राइस वाचतो, झटकन मिटतो.
ती काही विचारत नाही,
मनातल्या मनात
बादल्या मोजते.