शेरा

उचगावच्या रेल्वे पुलापलीकडं
हे दुमजली घर. खाली पूर्वी गिरण होती,
हवा दमट झाली की अजून भिंतीतनं
जोंधळ्याच्या पिठाचा वास येतो.
वर सात खाटा, सात ट्रंका,
जिन्याखाली माझं टेबल.

रजिस्टरला रकाने पाच:
नाव, गेले, आले, सही, शेरा.
चार भरतात.
पाचवा मी बहुधा कोराच सोडतो.

दस्तगीर पहाटे पाचला उठून
खाटेशेजारी उभा राहतो,
कुणीतरी मोजून जाईपर्यंत.
पहिल्या आठवड्यात सांगितलं, मामा, इथं मोजत नाहीत.
हो म्हणाला. आणि उभाच राहिला.
आता मी जाता जाता नुसतं "सात" म्हणतो,
मग तो चहाला येतो.

बाळूवर कसली केस नाही.
दवाखान्यातनं बरा होऊन सुटला
त्या दिवशी न्यायला कुणी आलं नाही, एवढंच.

आप्पासो कळंब्यात चौदा वर्षं.
बांध, चुलतभाऊ, कोयता.
फाईल मी वाचली आहे.
मी वाचली आहे हे त्यालाही माहीत आहे.

नियम नऊ : विळी कुलपात.
किल्ली माझ्या करदोड्याला.

काल शेवंतामावशींचा हात प्लास्टरात,
रविवार, मटण आणलेलं,
दोन किलो कांदा तसाच पडलेला.
आप्पासो दारात येऊन म्हणाला,
"मी चिरू?"

किल्ली सोडायला मला जरा वेळ लागला.
गाठ घट्ट बसली होती, असं म्हणू.

पाटावर पाय रोवून बसला तो.
शिरोलीच्या फाउंड्रीत भाजलेली बोटं,
त्यांतनं कांदा कागदासारखा पातळ पडत गेला.
पत्ते खेळणारे गप्प झाले.
कुणाचा डाव होता ते कुणालाच आठवेना.
मग त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं
आणि बाळू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला,
"कांद्यानं हां. कांद्यानं येतंय ते."

धुऊन, पुसून, दुमडून
विळी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.
"मोजून घ्या."
"एकच हाय की रं."
"तरी."

रस्सा झणझणीत झाला होता. दस्तगीरनं तीनदा वाढून घेतला.

गल्लीतला अर्ज तसाच ड्रॉवरमध्ये आहे,
"वस्तीत असली माणसं नकोत", सह्या एक्केचाळीस.
चौथी सही किराणावाल्याची,
ज्याच्याकडनं आम्ही कांदा आणतो.

रजिस्टरात पाचव्या रकान्यात लिहिलं,
कांदा बारीक चिरला.
सोमवारी ट्रस्टी विचारतील, हे काय?

रात्री मात्र मी तीनदा उठलो,
अनवाणी जाऊन कपाटाचं कुलूप ओढून बघितलं.
ते कुठं लिहिलेलं नाही.
तिसऱ्यांदा परतताना
जिन्यावरनं, अंधारातनं आवाज आला,
"हाय का जागेवर?"

"हाय," मी म्हटलं.

वरची खाट करकरली.
आप्पासो कुशीवर वळला असणार.