अठराशे अडतीसपर्यंत मागे

समितीनं ठरवलं: अठराशे अडतीस.
त्या सालापर्यंत घर मागे न्यायचं,
पुढचं सगळं उतरवायचं.
मिसेस हॅस्केलनी नकाशा पसरला माझ्या ट्रकच्या बॉनेटवर,
वाऱ्यासाठी चार कोपऱ्यांवर चार खिळे ठेवले,
आणि मागच्या पडवीवर लाल फुली मारली.
"हे नंतरचं," म्हणाल्या.

नंतरचंच होतं.
एकोणीसशे अकरात माझ्या पणजीनं, ओलीटा ग्रिग्जनं,
तीन वर्षं मागून मागून मिळवलेलं स्वयंपाकघर.
त्याआधी ती अंगणापलीकडच्या चुलीवरून
झाकलेल्या ताटल्या घेऊन धावत यायची
आणि रस्सा निवला म्हणून बोलणी खायची.
पत्र्याचं छप्पर, पाइनच्या फळ्या, एकच खिडकी,
अल्टामाहा नदीकडे नाही,
कोंबड्यांकडे.

मी सुतार. घराची नाडी कळते मला.
दर्शनी खांब पोकळ आहेत, सांगून ठेवतो,
पिंपासारख्या फळ्या जोडलेल्या, वरून संगमरवरी रंग.
पायाची सायप्रसची तुळई मात्र अस्सल.
कुऱ्हाडीचे घाव अजून मोजता येतात तिच्यावर,
दर हातभर अंतरावर कुणीतरी दम घेतलेला.
कुणी, ते जुन्या वहीत आहे:
टोबी, सुतार, नऊशे डॉलर.
खालच्याच ओळीत एक खेचर.
त्याला आडनाव नव्हतं.
मला आहे, दारावरच्या पितळी पाटीवरचंच.

वाळवीला सालं कळत नाहीत.
तिनं दिवाणखाना खाल्ला, पडवी सोडली.

सोमवारी पडवी उतरवली.
खिळे एकेक करून काढले, तोडले नाहीत.
दाराच्या चौकटीवर रंगाच्या चार थरांखाली
पेन्सिलच्या रेघा निघाल्या.
बस्टर, सहा वर्षं. कॅथरीन, नऊ. पुन्हा बस्टर.
थोरल्या घरची पोरं आणि आमची, एकाच लाकडावर,
कारण उंची मोजायची तर स्वयंपाकघरातच,
बिस्किटं तिथेच होती.
सगळ्यांत खाली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर: व्हर्जिल.
माझे आजोबा. धरून उभं केलं असणार.

"फोटो घ्या," मिसेस हॅस्केल म्हणाल्या, "अहवालात लावू."
वाईट बाई नाही. डोळे पुसले त्यांनी.
फुली पुसली नाही.

दिवाणखान्याची उत्तरेची भिंत उघडी पडली होती,
आतला एक उभा वासा पार भुसा झालेला.
माप घेतलं. चौकट दोन बोटं जास्त भरली.
वरून कापली, खालून नाही.
शुक्रवारी सगळे जेवायला गेले तेव्हा
कुसू बसवलं, पाचर ठोकली,
रेघांचं तोंड दिवाणखान्याकडे.
मग पट्ट्या. मग शिंपल्यांचा चुना, घोड्याचे केस,
गिलाव्याचे तीन हात.
सुकायला एकवीस दिवस लागले.
कुणी विचारलं नाही.

आता शनिवारी लोक येतात,
बुटांवर कापडी पिशव्या चढवून, हळू बोलत.
घर दाखवणारी मुलगी कॉलेजातली, पाठांतर चोख:
"या खोलीतलं सगळं अठराशे अडतीसचं आहे."
मी शिडीवर असतो, काहीतरी घासत.

परवा एक पोरगं गटातून सुटलं
आणि उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून,
टाचा टेकवून, हनुवटी वर करून
ताठ उभं राहिलं.
"भिंतीला टेकू नकोस," त्याची आई म्हणाली.

माझं घासणं थांबलं.
हात आपोआप कानामागे गेला,
पेन्सिल आहे का बघायला.